कोदोच्या गावी : सादो बेटावर पाच दिवस

पहिला दिवस : टोक्यो, नीगाता, र्‍योत्सु

सकाळी सातला टोक्यो स्टेशनात शिंकान्सेनमध्ये बसलो तेव्हा पुण्यात पहाटेचे साडेतीन वाजले होते. आदल्या रात्रीच्या सरावाचे व्हिडिओ आमच्या ढोल-ताशा पथकाच्या ग्रुपवर येऊन पडले होते. गणपती तोंडावर आलेले, आणि मी नेमका आत्ताच हजारो किलोमीटर लांब. पण ही वारी मला गेली वीस वर्षं करायची होती आणि ती ऑगस्टातच होते.

सादो हे जपानच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडचं बेट. ‘कोदो’ नावाचा तालवाद्यांचा समूह तिथे राहतो. राहतो असं मुद्दाम म्हणतो, कारण वर्षाचे कितीतरी महिने ही मंडळी बेटावर नसतातच. काही महिने परदेशात, काही जपानभर, आणि उरलेले इथे. पन्नासहून जास्त देश पालथे घातलेत त्यांनी. आणि ऑगस्टात तीन दिवस ते जगालाच आपल्या गावी बोलावतात. त्या जत्रेचं नाव ‘अर्थ सेलिब्रेशन’. १९८८ पासून ती भरते.

माझी कोदोशी ओळख झाली ती झाकिरभाईंमुळे. कॉलेजात असताना मित्राने एक सीडी कॉपी करून दिली होती. कोदोचा २००१ सालचा ‘मोंदो हेड’ हा अल्बम. निर्माता अमेरिकन ड्रमवादक मिकी हार्ट, ज्याच्या ‘प्लॅनेट ड्रम’ या चमूत झाकिर हुसेन, विक्कू विनायकराम, नायजेरियाचा ओलातुंजी, ब्राझीलचा आयर्तो असे सगळे एकत्र वाजवत. त्या सीडीवर तबला शोधायला म्हणून मी बसलो आणि अडकलो जपानी ढोलात. १५ डिसेंबर २०२४ ला झाकिरभाई गेले, त्या रात्री ती सीडी पुन्हा काढली. तेव्हाच ठरवलं, आता लांबवायचं नाही.

सोबत मावसभाऊ होता. तो टोक्योतल्या निशिकासाईला राहतो, जपानी बोलतो, त्यामुळे माझी निम्मी काळजी मिटली. “दादा, डोंगर ओलांडला की खिडकीबाहेर बघ,” म्हणाला. लांबलचक बोगद्यातून गाडी बाहेर आली आणि दोन्ही बाजूंना नुसती भाताची शेतं. रंग थेट आपल्या मावळातल्या भाद्रपदासारखा.

नीगाताहून र्‍योत्सु बंदरापर्यंत मोठी फेरी अडीच तास घेते. खाली गालिचा अंथरलेल्या खोल्या असतात, लोक सरळ चपला काढून आडवे होतात. आम्ही वर डेकवर उभे राहिलो. भाऊच्या धक्क्यावरून निघालेल्या लाँचीमागे जसे समुद्रपक्षी लागतात, तसेच इथेही लागले होते. पोरं त्यांना खाऊ भिरकावत होती. समुद्र शांत होता. मी भावाला ओंदेकोझाची गोष्ट सांगत होतो, कारण कोदो समजून घ्यायचं तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

१९७० च्या आसपास देन तागायासु नावाच्या माणसाने शहरातली तरुण पोरं या बेटावर गोळा केली. एकत्र राहायचं, पळायचं आणि ढोल वाजवायचा. ‘ओंदेको’ म्हणजे राक्षसाचा ढोल, सादोची स्वतःची लोककला. त्यावरून नाव पडलं ओंदेकोझा. १९७५ साली ही पोरं बॉस्टन मॅरेथॉन धावली आणि शेवटची रेषा ओलांडून थेट ढोलासमोर उभी राहिली, वाजवू लागली. पुढे फाटाफूट झाली. देन ओंदेकोझा हे नाव घेऊन बेट सोडून गेले आणि मागे राहिलेल्यांनी १९८१ मध्ये नवं नाव घेतलं, कोदो. पहिला कार्यक्रम त्याच वर्षी बर्लिनला झाला. देन यांच्या नव्या चमूने १९९० ते १९९३ या काळात अख्ख्या अमेरिकेच्या कडेकडेने धावत सुमारे पंधरा हजार किलोमीटरची प्रदक्षिणा घातली, वाटेत वाजवत वाजवत.

भाऊ म्हणाला, “म्हणजे पायी वारीच की.” मला ते एकदम पटलं. पखवाज गळ्यात घालून आळंदीहून पंढरपूरला चालणारा माणूस या लोकांना लगेच ओळखेल.

र्‍योत्सुहून ओगीला बसने पोचेपर्यंत अंधार पडला. मुक्काम एका घरगुती खाणावळीत होता. मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. आम्ही कुठून आलो ते ऐकून त्यांनी हाताने ढोल वाजवल्याची खूण केली आणि प्रश्नार्थक मान हलवली. मी मान डोलावली. ताटात स्क्विड, भात, लोणचं. सादोचा भात खरोखर चविष्ट आहे, नुसता खावा असा.

दुसरा दिवस : ताताकोकान

ओगीजवळ टेकडीवर ‘ताताकोकान’ आहे. ‘ताताको’ म्हणजे ‘चला, वाजवूया’. ज्याला यायचं त्याने यावं आणि ताइको, म्हणजे जपानी ढोल, वाजवावा, यासाठी २००७ मध्ये हे घर बांधलं. लाकडी इमारत, मोठ्या खिडक्या, बाहेर झाडी. आत भल्यामोठ्या केयाकी झाडाच्या खोडातून कोरलेले दोन ढोल. खोडाचा वरचा आकार तसाच ठेवलाय. गाठी, वळणं सगळं दिसतं.

मी पंधरा वर्षं ढोल वाजवतोय. कमरेला बांधून, उजव्या हातात टिपरू, डाव्याने थाप. त्यामुळे मनात होतं की हात तर चालेलच. शिकवणाऱ्या बाईंनी पहिली पंधरा मिनिटं काठ्या हातात दिल्याच नाहीत. पाय फाकवून उभं राहायचं, डावा गुडघा वाकवायचा, कंबर खाली सोडायची. मग मोकळे हात वर न्यायचे आणि सोडून द्यायचे. सोडायचे, मारायचे नाहीत. माझा खांदा पुन्हा पुन्हा वर येत होता. मिरवणुकीत चार-चार तास ढोल पेलायची सवय लागलेला खांदा तो, तसाच येणार. बाईंनी जवळ येऊन माझ्या खांद्यावर दोन बोटं ठेवली, नुसती ठेवली. हात खाली आला आणि खांदा त्यांच्या बोटांखालून आपोआप निसटला.

मग काठ्या मिळाल्या. त्यांना ‘बाची’ म्हणतात. आपलं टिपरू बोटभर जाडीचं, हलकं असतं. ही बाची मनगटाला जाणवेल इतकी भारी. घट्ट धरली की आवाज दगडावर आपटल्यासारखा येतो. करंगळीकडून धरून पुढची बोटं सैल ठेवली की काठीच स्वतः उडी मारते, आणि मग जो घुमारा उठतो तो कानाला लागायच्या आधी पोटाला लागतो. ढोलाचं कातडं गायीचं, दोन्ही तोंडांना गोल डोक्याच्या लोखंडी खिळ्यांच्या दोन रांगांनी ठोकलेलं. एकदा ठोकलं की कमी-जास्त करायची सोय नाही. आमच्या ढोलाला दोऱ्या असतात, पान उतरलं की ओढून घेतो. हल्ली तर पानही फायबरचंच. इथे ढोलाचा आवाज जसा आहे तसा स्वीकारायचा आणि हात त्याच्याप्रमाणे वळवायचा.

वर्गात आम्ही चौदा जण होतो. भाषा सहा-सात तरी असतील. माझ्या शेजारी ब्राझीलची एक मुलगी, सांबा वाजवणारी. पलीकडे एक फ्रेंच आजोबा. समोर शाळेत जाणारी दोन जपानी भावंडं. ताल अगदी साधा: दोन लांब, तीन आखूड. पण दोन लांबांच्या मधली जी जागा आहे, ती चौदा जणांना एकसारखी सांभाळता येईना. कुणीतरी घाई करायचंच. बहुतेक वेळा मी. बाई म्हणाल्या, “मा.” भावाने सांगितलं, मा म्हणजे मधली मोकळी जागा, तिला पण वाजवायचं असतं. आपल्याकडे खाली म्हणतात ती मात्रा मला आठवली. तबल्यावर खालीला डग्गा गप्प राहतो, पण ती मात्रा चुकली तर सगळा ठेका पडतो. पथकात आम्ही ही जागा ताशाने भरून टाकतो. भरायला शिकवतो, रिकामी ठेवायला कुणी शिकवत नाही.

शेवटची दहा मिनिटं जमली. एकदा जमल्यावर ब्राझीलच्या मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही. उजव्या तळहाताला फोड आला होता. तो बाईंना दाखवला तर त्यांनी आपला तळहात पुढे केला. तिथे फोड नव्हते, नुसती पिवळसर घट्ट कातडी होती.

तिसरा दिवस : शुकुनेगी, आणि रात्री शिरोयामा

सकाळी शुकुनेगीला गेलो. जुन्या मालवाहू गलबतांच्या व्यापारावर वाढलेलं हे गाव एका घळीत दाटीवाटीने वसलंय. घरांना जहाजाच्या फळ्या लावलेल्या, आणि रस्त्याच्या कोपऱ्यात बसवलेलं एक घर चक्क त्रिकोणी. टबासारख्या गोल होडीत बसवून बायका खाडीत फेरी मारून आणतात, तीही केली. बेट देखणं आहे, पाहण्यासारखं खूप आहे, सोन्याची जुनी खाण तर २०२४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आली. आम्ही खाणीला गेलो नाही. माझं सगळं लक्ष संध्याकाळकडे होतं.

शिरोयामा म्हणजे बंदराला लागूनची टेकडी. वर बाग, गवत, आणि उघड्या आभाळाखाली रंगमंच. लोक चटया टाकून बसलेले. लहान मुलं, म्हातारे, पाठीवर सॅक असलेले परदेशी. सातच्या सुमारास झाडांतल्या किड्यांचा आवाज एवढा वाढला की मला वाटलं, याच्यावर वाजवणार कसं?

सुरुवात त्यांनी त्याच आवाजातून केली. सात वादक ओळीने बसलेले, प्रत्येकासमोर एक लहानसा, दोऱ्यांनी करकचून आवळलेला शिमे-दाइको. काठ्या कातड्यापासून जेमतेम बोटभर वर. टिक-टिक-टिक, इतकं हळू की ते किड्यांचं आहे की ढोलाचं, कळेना. मग सात काठ्यांचा पाऊस हळूहळू दाट होत गेला. ही माकी इशी यांची रचना, ‘मोनोक्रोम’, १९७६ सालची. पाश्चात्त्य शिस्तीत शिकलेल्या संगीतकाराने गावच्या जत्रेतल्या वाद्यासाठी लिहिलेलं संगीत. त्याच वर्षी त्यांनी हे ढोल पूर्ण वाद्यवृंदासोबतही उभे केले होते आणि वाद्यवृंद-संचालक सेजी ओझावांनी बॉस्टन सिम्फनीला घेऊन ते वाजवलं होतं. मी रेकॉर्डिंग शेकडो वेळा ऐकलंय. पण सात माणसांची मनगटं एकाच वेळी एकाच उंचीला थांबलेली समोर पाहणं वेगळंच आहे. आवाज वाढताना त्यांचे चेहरे जराही बदलत नव्हते. मध्येच सगळं थांबलं. किडे ऐकू आले. कुणीही टाळी वाजवली नाही. तीन-चार सेकंद असतील. त्या तीन-चार सेकंदांसाठी मी पुण्याहून आलो होतो असं मला तेव्हा वाटलं.

नंतर ‘यताई-बायाशी’. चिचिबु गावच्या रथोत्सवात ढोलवादक रथाच्या आत कोंडून बसतो, बाहेरून दिसतही नाही, आणि त्याच्या तालावर माणसं रथ ओढतात. कोदोची मंडळी तो ताल जमिनीवर बसून, ढोल पायांच्या मधे घेऊन, पाठ मागे टाकून वाजवतात. पोटावर उठताना माणूस अर्ध्यात थांबला की जसा दिसेल तसं, आणि तसंच मिनिटामागून मिनिटं. पोटाचे स्नायू थरथरताना दिसत होते. माझ्या शेजारच्या जपानी काकांनी श्वास धरून ठेवला होता.

पाहुणे वादक आले तेव्हा सगळ्यांचा सूर सैलावला. कोदोची ही रीत मला फार मोलाची वाटते. बाहेरच्याला बोलावलं की आपला ताल त्याच्यावर लादत नाहीत. पाहुण्याने धरलेल्या ठेक्यात कोदोची एक मुलगी झांजा घेऊन शिरली. जपानी नाव चाप्पा, पण दिसायला आपल्या झांजाच. ती झांजा वाजवत नाचत पुढे गेली आणि पाहुणा हसायला लागला. त्या क्षणी लय कुणाची होती ते सांगता आलं नसतं.

आणि शेवटी ओ-दाइको. एकाच झाडाच्या खोडाचा, माणसाहून उंच भासणारा ढोल, चौथऱ्यावर चढवलेला. वादक लोकांकडे पाठ करून, दोन्ही हात डोक्याच्या वर. असं ढोलाला तोंड देऊन एकट्याने वाजवायची पद्धत घडवण्यात ओंदेकोझाचे जुने वादक एइतेत्सु हायाशी यांचा मोठा वाटा. कोदो हे नावही त्यांनीच सुचवलेलं. त्याचे दोन अर्थ: हृदयाचा ठोका, आणि वेगळ्या अक्षरांत लिहिलं तर ढोलाची मुलं. आईच्या पोटात पहिला ऐकू येणारा ठेका तोच, असं ते म्हणतात.

पाठीवरून घाम वाहत होता आणि दिव्यात चमकत होता. प्रत्येक आघाताआधी त्याची पाठ रुंद व्हायची. मी ढोल ऐकायचं सोडून ती पाठ बघू लागलो. आवाज कधी येणार ते पाठीला आधी कळत होतं.

परतताना आम्ही दोघं बोललो नाही. खाणावळीच्या दारात भाऊ म्हणाला, “दादा, मला वाटायचं तू उगाच वेडा आहेस.” एवढंच.

चौथा दिवस : काकिनोउरा, आणि देवळाच्या पायऱ्या

भाड्याची गाडी घेऊन पूर्व किनाऱ्याने काकिनोउराकडे गेलो. तिथल्या बंद पडलेल्या शाळेत कोदोचे शिकाऊ राहतात. दोन वर्षं. पहाटे उठून पळायचं, फरशी पुसायची, स्वयंपाक करायचा, भात लावायचा, आणि ढोल, गाणं, नाच शिकायचा. आपल्या बाची आपणच तासायच्या. फोन, टीव्ही, दारू काही नाही. दोन वर्षांनंतर निवड होते, आणि निवडलेल्यांनाही पुढचं वर्ष परीक्षेचंच. पुष्कळ जण घरी परततात.

आत जाण्याचा प्रश्नच नव्हता, आम्ही रस्त्यावरूनच पाहिलं. जत्रेमुळे तिथे शांतता होती. शाळेसारखीच शाळा. समोर समुद्र. दोरीवर पंचे वाळत घातलेले. मला त्या पंच्यांनी हलवून सोडलं. जगाच्या मोठमोठ्या सभागृहांत जे वाजतं त्याची सुरुवात इथे, कुणीतरी आपला पंचा धुऊन वाळत घालण्यापासून होते. आमच्या पथकात मुलं जूनमध्ये येतात आणि गणपतीला रस्त्यावर उभी राहतात. त्यांचा उत्साह मी रोज बघतो, तो खोटा नाही. पण त्यांना आम्ही घाई करायला लावतो, ढोलांचा आकडा वाढवायच्या नादात. हे मला परत गेल्यावर पथकात बोलायचं आहे, भांडण झालं तरी.

दुपारी ओगीत बंदरावरचा बाजार. भाजलेला स्क्विड, हाताने रंगवलेले कपडे, बांबूच्या टोपल्या. किसाकी देवळापाशी कुणीही वाजवावं अशी जागा होती. तिथे बेटावरचाच एक चमू ओनीदाइको, म्हणजे तोच ओंदेको, घेऊन आला. राक्षसाचा मुखवटा, लांब केस, एक पाय वर उचलून ढोलावर झडप घालणारा नाच. मालकीणबाईंनी सकाळी सांगितलं होतं की एप्रिलच्या उत्सवांत हा राक्षस गावातल्या दारादारात जातो, वाईट ते घालवतो, पीक चांगलं यावं म्हणून मागणं मागतो. वाड्या-वाड्यांचा ओनी निराळा, ढोलाची चालही निराळी. मी रत्नागिरीकडचा. शिमग्यात पालखी दाराशी येते, ढोल वाजतो, आजी तांदूळ-नारळ घेऊन ओसरीवर उभी असते. पलीकडच्या वाडीचा ढोल आमच्यापेक्षा वेगळा वाजतो हे आम्हाला डोळे मिटून कळायचं. ते सगळं इतकं अंगावर आलं की मी मागच्या दगडी पायरीवर बसून घेतलं.

कोदो जगभर फिरतं, परक्यांसोबत वाजवतं, नवे प्रयोग करतं, माणसं येतात-जातात. पण त्यांच्या मुळाशी हा एका पायावर उभा असलेला राक्षस आहे, ज्याला ओगीची पोरं लहानपणापासून घाबरत आलीत.

पाचवा दिवस : निरोप

ओगीहून नाओएत्सुला जेटफॉइल जाते, सव्वा तासात. मालकीणबाईंनी निघताना भाताचे तीन गोळे बांधून दिले. मी त्यांना पथकाच्या नावाचा भगवा गमछा दिला. त्यांनी तो लगेच गळ्यात घातला आणि तशाच बंदरापर्यंत आल्या.

धक्क्यावर कोदोचे वादक ढोल मांडून उभे होते. जाणाऱ्यांना वाजवून निरोप द्यायची त्यांची प्रथा आहे. रात्री रंगमंचावर पाहिलेले चेहरे आता साध्या कपड्यांत, उन्हात डोळे बारीक केलेले. ताताकोकानच्या बाईही त्यांच्यात होत्या. मी तळहात वर करून दाखवला, फोड फुटला होता. त्यांनी काठीसकट हात वर केला.

जेटफॉइलमध्ये डेकवर उभं राहता येत नाही, आत बसून पट्टा लावावा लागतो. आम्ही दाराशी शेवटच्या क्षणापर्यंत रेंगाळलो. मग दार लागलं आणि आवाज तुटला. खिडकीतून धक्का दिसत होता. काठ्या वर जात होत्या, थांबत होत्या, खाली येत होत्या, आवाज नसताना. मी त्यांच्या हातांकडे बघून मांडीवर ठेका धरला. दोन लांब, तीन आखूड. भावानेही धरला. काचेपलीकडे भगवा गमछा हलत होता, आणि आम्ही दोघं ती मधली जागा यावेळी न चुकता सोडत होतो.